राय व्हिस्की राहू द्या, आधी मोदकपात्रात गवती चहाचा अर्क काढा

दोन पावसाळ्यांपूर्वी मला राय व्हिस्की घरी गाळायचं खूळ लागलं होतं. रात्री जेवणं झाली की मोबाइलवर तांब्याच्या भट्ट्या बघायच्या, नळीच्या तोंडाशी पडणारा पहिला थेंब बघायचा आणि हॉलमध्ये बसून म्हणायचं, हे आपल्याला जमेल. बायको म्हणाली, ठाण्याच्या नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर?

राय म्हणजे मोहरी नव्हे, हे आधी सांगतो. हिंदीतली राई वेगळी आणि आपली आमराई-देवराई तर त्याहून वेगळी. हे गहू-जवाच्या कुळातलं, थंड मुलखात तगणारं धान्य आहे. अमेरिकेत बाटलीवर राय व्हिस्की लिहायचं तर दाण्यात किमान ५१ टक्के राय लागते आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ती मुरवावी लागते. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९७ साली माउंट व्हर्ननला भट्टी घातली तेव्हा त्याच्या मिश्रणात ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के सातूचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, असायचा. असं सगळं मला तोंडपाठ झालं होतं. कायदा तेवढा वाचला नव्हता.

तो वाचला आणि व्हिस्की सुटली, पण भट्टीचा नाद सुटला नाही. मला खरं तर दारूपेक्षा त्या प्रक्रियेचीच ओढ होती: वाफ वर जाते, थंड होते, आणि खाली पडतो तो थेंब मूळ पाण्यापेक्षा वेगळाच असतो. ही सगळी गंमत गवती चहावरही मिळते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्याच वाटेनं यायचं असेल तर मी कुठे कुठे ठेचकाळलो ते खाली क्रमानं लिहितो.

१. आधी कायदा, मग भांडी

आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं, भट्टी उभारणं किंवा चालवणं याला त्यात मनाई आहे. बहुतेकांना माहीत नसतं ते पुढचं: दारू करण्याच्या हेतूनं भांडी, नळ्या, कच्चा माल जवळ बाळगणं हाही गुन्हाच. ‘अजून काही केलं नव्हतं, फक्त जमवाजमव चालली होती’ ही सबब चालत नाही. शिक्षेत कैदही आहे. ‘विकायची नाही, घरच्यापुरतीच’ ही सवलत कुठेही लिहिलेली नाही.

दुसरा घोळ परवान्याचा. दारूच्या दुकानात मिळतो तो परवाना पिण्याचा असतो, गाळण्याचा नव्हे. माझ्या एका मित्रानं तो खिशातून काढून मला दाखवला होता, ‘हे बघ, आहे की आपल्याकडे’ म्हणून. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून घरी गाळायला मुभा आहे. बरेचसे व्हिडिओ तिथले असतात, आणि बघणारा असतो ठाण्यात.

कायदा बाजूला ठेवला तरी घरगुती दारूच्या नादाला न लागायला एक कारण पुरेसं आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. ते रंगावरून कळत नाही आणि वासावरूनही ओळखू येत नाही.

म्हणून या लेखापुरता एकच नियम: भांड्यात फक्त पाणी आणि वनस्पती. आंबवलेलं काही नाही, दारू नाही, स्पिरिट नाही. ‘जरा व्होडका घातली तर वास जास्त उतरेल का?’ असं विचारणारा कोणीतरी भेटतोच. त्याला नाही म्हणा. पेटत्या गॅसवर दारूची वाफ सोडणं म्हणजे स्वयंपाकघरात भडका उडवायची तयारी.

२. कशाचा अर्क काढायचा?

पहिल्यांदा गवती चहाच घ्या, बाकी मोह नको. तो स्वस्त मिळतो, वास दणदणीत देतो आणि चुका पोटात घालतो. पावसाळ्यात जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात जुड्या मिळतात. कोणाच्या गॅलरीत कुंडी असेल तर मागून घ्या. त्याला तसंही कापायचंच असतं.

त्याच्या वासाचं मुख्य कारण म्हणजे सिट्रल, पातीतल्या तेलातलं एक द्रव्य. त्याचा उत्कलनबिंदू २२० अंशांच्या वर आहे, म्हणजे पाणी उकळेपर्यंत ते जागचं हलू नये. पण पाणी आणि न मिसळणारं तेल एकत्र तापवलं की दोघांच्या वाफेचा दाब एकत्र धरला जातो आणि शंभराच्या किंचित खालीच दोन्ही मिळून वर निघतात. वाफ सिट्रलला सोबत घेऊन येते. बाकीचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पुदिना, तुळस, ओवा घ्या. ओव्याचा अर्क फार तीव्र निघतो. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, आणि त्याच थायमॉलमुळे अर्कालाही तो तिखट वास येतो. हिवाळ्यात संत्र्याच्या साली घ्या, वाटीवर तेलाचा तवंग डोळ्यांना दिसतो. मात्र पांढरा गर खरवडून काढा.

गुलाब हवा असेल तर गावठी घ्या, हाताला लागला तरी वास राहतो तो. लांब दांड्याच्या भेटीच्या गुलाबांना वास नसतो, आणि हाराच्या फुलांवर काय फवारलंय याची खात्री कोणी देत नाही. गुलाबतेल हाती लागेल या भ्रमात राहू नका. एक किलो तेलाला तीन-चार टन फुलं लागतात. आपल्याला मिळतं ते गुलाबपाणी, आणि तेवढं पुरतं.

मोगऱ्यानं माझी निराशा केली. आई देवासाठी आणते त्यातल्याच दोन ओंजळी मागून घेतल्या होत्या. चाळीस मिनिटांनी वाटीत आलं ते पालकाच्या पाण्यासारखं काहीतरी. मोगऱ्याचा वास उकळीत टिकत नाही. त्याच्या रीती वेगळ्या आहेत आणि त्या मोदकपात्रात बसत नाहीत. वाळाही सुरुवातीला नको. त्याचं तेल जड, तासन्‌तास आच मागतं.

कण्हेर, धोतरा किंवा नाव माहीत नसलेलं शोभेचं झाड यांना हात लावू नका. विष भाजीसारखं शिजवून जाईल या भरवशावर राहू नका.

३. साहित्य

- स्टीलचं मोठं मोदकपात्र, चाळणीसकट. अॅल्युमिनियमचं नको.
- गोल बुडाची स्टीलची कढई, मोदकपात्राच्या तोंडावर नीट बसेल एवढी.
- स्टीलची जड वाटी किंवा छोटं पातेलं, अर्धा लिटर मावेल असं.
- गवती चहा पाव किलो.
- पाणी दीड लिटर.
- बर्फ दोन किलो.
- कणकेचा छोटा गोळा, सांडशी, ओगराळं.
- गडद काचेच्या बाटल्या, उकळून कोरड्या केलेल्या.
- एक वही.

मोदकपात्र नवीन आणा, हे मी हात जोडून सांगतो. मी आईचं घेतलं होतं. ओव्याची बॅच काढली, भांडं तीन वेळा घासलं, उन्हात ठेवलं, जागेवर ठेवून दिलं. गणपतीत पहिला घाणा उतरला. आईनं मोदक फोडला, तूप सोडलं, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘पोटात वायू झालाय का रे बाप्पाच्या?’ स्टीलला वास राहत नाही म्हणतात ते खरं आहे, पण त्या पात्राच्या झाकणाला रबराची कड होती. वास तिनं धरून ठेवला होता. आता माझं वेगळं पात्र आहे, आणि त्यावर आईनं स्वतः नेलपॉलिशनं फुली मारली आहे.

झाकणाचं आणखी एक. ते उलटं ठेवून वर बर्फ ठेवावा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. पण आपल्या मोदकपात्राच्या झाकणाला वाफ जायला बारीक भोक असतं. ते मला दिसलं तेव्हा वितळलेलं पाणी त्यातून थेट अर्काच्या वाटीत टपकत होतं आणि मी उत्पन्न चांगलं आलं म्हणून खूश होतो. म्हणून झाकणाऐवजी कढई. बर्फ तिच्यात भरपूर मावतो, आणि बूड गोल असल्यामुळे थेंब घरंगळत मधोमध येऊन पडतो.

४. मांडणी

पाणी आदल्या रात्री उघड्या पातेल्यात भरून ठेवा. नळाच्या पाण्यातला क्लोरिन उडणारा असतो, आणि न उडाला तर पहिल्या वाफेबरोबर तोच वाटीत उतरतो. गाळणयंत्राचं पाणी असेल तर हा खटाटोप नको.

गवती चहाची पाती धुऊन पाणी निथळू द्या, कात्रीनं बोटाएवढे तुकडे करा. मिक्सरला लावू नका. चोथा झाला की वाफेला वाट राहत नाही. तळाला पाणी, वर चाळणी, चाळणीच्या मधोमध वाटी आणि वाटीभोवती पाती पसरून. पाती वाटीच्या काठाखालीच राहिली पाहिजेत, नाहीतर एखादं टोक आत झुकतं आणि अर्क हिरवा होतो. वाटी थेट पाण्यात ठेवायची चूक मी केली आहे. उकळी आली की ती तरंगते, खडखडते आणि एका बाजूला कलंडते. आत काय झालंय हे बाहेरून कळत नाही.

वर कढई ठेवा. कढई आणि पात्राच्या कडेत फट असेल तर कणकेची वळी लावा, दम बिर्याणीला लावतात तशी. पण सगळीकडून बंद करायचं नाही. बोटभर जागा मोकळी सोडा. हा प्रेशर कुकर नाही, आत दाब साठता कामा नये. याच कारणानं शिट्टी काढून नळी जोडलेल्या कुकरच्या भानगडीत नवख्यानं पडू नये, असं माझं मत आहे.

५. आच आणि बर्फ

इथे थोडं गणित आहे, आणि ते न केल्यामुळे माझ्या पहिल्या तीन बॅच वाया गेल्या.

एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना साधारण ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम बर्फ वितळताना जेमतेम ८० शोषतो. हे पाणी कोमट होईपर्यंत आणखी तीसेक धरा. म्हणजे ३०० मिली अर्क मिळवून तो जरा निवूही द्यायचा तर ग्रॅमला सहाशे धरून एक लाख ऐंशी हजार कॅलरी कुठेतरी गेल्या पाहिजेत. एकशे दहानं भागाकार केला की उत्तर येतं साधारण सव्वासोळाशे ग्रॅम बर्फ. गळती धरून दोन किलो. फ्रिजमधल्या दोन ट्रेचा बर्फ मिळून अर्धा किलोही भरत नाही. मी तेवढ्यावर काम करायला बघत होतो आणि वाफ कडेनं निघून जात होती. घरभर वास घमघमत होता आणि सगळे म्हणत होते, वा, काय मस्त! घरभर वास येतोय म्हणजे अर्क वाटीत पडत नाही, हवेत चाललाय, हे लक्षात ठेवा.

उपाय सोपा. दोन स्टीलच्या डब्यांत पाणी भरून आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवा. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं. विकतचा बर्फ आणलात तर निळसर घेऊ नका. तो रंग खाण्याचा बर्फ नाही हे कळावं म्हणून घातलेला असतो. आपला बर्फ कढईच्या आतच राहणार असला तरी ओगराळ्यानं पाणी काढताना शिंतोडे उडतातच.

उकळी येईपर्यंत गॅस मोठा. कडेनं पहिली वाफ दिसली की कढईत बर्फ टाका आणि गॅस मध्यमहून कमी करा. कान लावा: आत ‘टप… टप… टप’ असा सावकाश आवाज आला पाहिजे. कडेनं फुसफुस ऐकू आली तर आच जास्त आहे. कढईतलं पाणी बोटाला कोमट लागलं की ओगराळ्यानं बाहेर काढा आणि नवा बर्फ घाला. हे दर सात-आठ मिनिटांनी. मध्येच फोन घ्यायला जाऊ नका. तळाचं पाणी आटलं तर चाळणीवरची पाती करपतात, आणि तो करपट वास थेट अर्कात उतरतो, मग कशानंही जात नाही. दीड लिटर पाण्यात तासभर निभतं. त्यापुढे ताणू नका. खिडकी उघडी ठेवा.

६. कधी थांबायचं

व्हिस्की गाळणारे भट्टीतून येणारा पहिला भाग टाकून देतात आणि मधला ठेवतात. आपल्याकडे उलट: पहिलं ते सोनं. वास देणारं बहुतेक सगळं पहिल्या वीस मिनिटांत येतं. नंतर येत राहतं ते पाणी, आणि त्यामागून उकडलेल्या पाल्याचा वास.

म्हणून वाटी एकदा बदला. वीस मिनिटांनी गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, आधी कढईतलं सगळं पाणी ओगराळ्यानं काढा आणि मगच सांडशीनं कढई उचला. भरलेली कढई उचलायची घाई केली तर ती हिंदकळते आणि खालची वाफ मनगटाला बसते. माझ्या डाव्या मनगटावर अजून खूण आहे. पहिली वाटी बाजूला काढा, दुसरी ठेवा, आणखी पंधरा-वीस मिनिटं चालवा. दोन्ही शेजारी ठेवून हुंगा. फरक एकदा नाकाला कळला की पुढच्या वेळी घड्याळ बघावं लागत नाही.

पाव किलो गवती चहातून तेल किती मिळतं? ताज्या पानात तेल सुमारे ०.२ ते ०.४ टक्के. म्हणजे जास्तीत जास्त एक ग्रॅम, आणि त्यातलंही काही पाण्यात विरघळून जातं. वाटीवर इंद्रधनुषी तवंग दिसला तर बॅच चांगली जमली समजा. अरुंद बाटलीत ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर ड्रॉपरनं दोन-चार थेंब उचलता येतात. सुगंधी तेलाचा धंदा सुरू करायचं मनात असेल तर ते इथेच मनातून काढा.

७. बाटलीत भरणं

पूर्ण थंड होऊ द्या. कोमट भरलं तर बाटलीच्या गळ्याशी पाणी जमतं आणि बुरशी तिथूनच धरते. बाटलीवर तारीख, वनस्पती, वजन आणि पहिली वाटी की दुसरी हे लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणून मी लिहिलं नव्हतं, आणि आता माझ्याकडे तीन बाटल्या अशा आहेत की हुंगून पुदिना की तुळस यावर घरात मतदान होतं.

ताज्या अर्काला भट्टीचा वास असतो, जरासा शिजका. घाबरून टाकू नका, झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहू द्या. तो उतरतो आणि मूळ वास वर येतो. यात कोणतंही परिरक्षक नाही, त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. ढगाळ दिसला, आत तंतू तरंगले किंवा आंबूस वास आला तर मोरीत ओता.

८. वापर, आणि विकण्याबद्दल

रुमाल, उशीचे अभ्रे, पावसाळ्यात कुबट वास येणारं कपाट यांवर फवारा. गवती चहा, पुदिन्यासारख्या खाण्यातल्या वनस्पतीचा ताजा अर्क असेल तर लिंबाच्या सरबतात चमचाभर छान लागतो. वर तरंगणारं तेल मात्र तोंडात किंवा थेट अंगावर नको. सिट्रलनं काहींच्या त्वचेला आग होते. आधी कोपराच्या आत थेंबभर अर्क लावून एक दिवस थांबा. तान्ह्या बाळाच्या आणि मांजरांच्या आसपास फवारू नका. आणि याला औषध म्हणू नका, कोणी ‘गुडघ्याला चालेल का’ विचारलं तरी.

घरच्यापुरतं काढायला कागद लागत नाही. विकायचं ठरवलंत तर लागतात: अंगाला लावायचं म्हणून विकलं तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना, खाण्याचं म्हणून विकलं तर अन्न सुरक्षा नोंदणी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ऑर्डर घेते/घेतो’ लिहिण्याआधी हे बघा.

शेजाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा. आमच्या मजल्यावर एका रविवारी कुजबुज झाली की यांच्याकडे काहीतरी ‘काढतात’. मी दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं आणि कढई दाखवली. आता पावसाळा सुरू झाला की समोरच्या काकू स्वतःच्या कुंडीतला गवती चहा कापून दाराला अडकवून जातात, सोबत रिकामी बाटली.

९. आवराआवर

पात्र निवल्याशिवाय उघडू नका. चाळणीवरचा चोथा कुंडीत घाला, पण गार झाल्यावर, नाहीतर मुळं भाजतात. तळाला उरलेलं तपकिरी पाणी ओतून देऊ नका. बादलीभर पाण्यात मिसळून त्यानं लादी पुसा. भांडी चिंचेनं किंवा लिंबाच्या सालीनं घासा, कोरडी करा आणि ओवा काढला असेल तर त्यानंतर एकदा नुसतं पाणी अर्धा तास उकळून घ्या. कढई लगेच भाजीला घेऊ नका. आमच्याकडे एकदा कांदेपोह्यांना संत्र्याचा वास आला होता, आणि पोहे करणारा मीच असल्यामुळे कोणाला दोषही देता आला नाही.